निर्जन बेटावर कोणते चित्रपट न्यावे?

एखाद्या निर्जन बेटावर एकट्यानें राहण्याचा प्रसंग आला, आणि बरोबर चारपांचच चित्रपट नेण्याची मुभा मिळाली, तर आपण कोणते न्याल? हा प्रश्न आजकाल तरुण मंडळींत करमणूक म्हणून वारंवार विचारला जातो. प्रश्न वरवर पोरकट दिसतो; तथापि उत्तर देण्यास बसलें म्हणजे तो तितका पोरकट नाहीं असें ध्यानांत येतें. म्हणून या अंकांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ सर्वतोमुखीं झाला तो रेडिओमुळें. १९४२ सालच्या जानेवारींत, दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां, रॉय प्लमली नामक गृहस्थांच्या कल्पनेवरून बी. बी. सी. नें एक कार्यक्रम सुरू केला. कोणा प्रसिद्ध व्यक्तीस बोलवावें, ती निर्जन बेटावर एकटी राहिली आहे अशी कल्पना करावी, आणि सोबत न्यावयाच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडून त्या कां निवडल्या तें तिनें सांगावें, असा त्याचा क्रम. बायबल आणि शेक्सपियरचे ग्रंथ बेटावर आधींच आहेत असें धरून चालतात. त्यांखेरीज एक पुस्तक व एक चैनीची वस्तु घेतां येते, मात्र ती बेटावरून निसटण्यास उपयोगी पडणारी नसावी. हा कार्यक्रम अद्याप चालू आहे. आम्हीं ध्वनिमुद्रिकांच्या जागीं चित्रपट घेतले, इतकाच फरक. बेटावर वीज कोठून येणार, अशी शंका विज्ञानाचे विद्यार्थी काढतील. सूर्यप्रकाशावर चालणारें एखादें यंत्र तेथें आहे असें त्यांनीं समजावें व आम्हांस पुढें जाऊं द्यावें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आम्हीं याद्या मागविल्या. बहुतेक याद्यांत पाठलाग, खून, लढाया आणि अंतराळांतील युद्धें यांची रेलचेल होती. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु या याद्या मित्रांच्या घोळक्यांत बसलेल्या मुलांच्या आहेत, बेटावरच्या माणसाच्या नव्हेत. खुनी कोण हें एकदां कळलें कीं रहस्यपटाचा प्राण गेला. दुसऱ्या वेळीं आपण त्याची कारागिरी पाहूं, तिसऱ्या वेळीं जांभई देऊं. आणि बेटावर तर तोच चित्रपट तीनशें वेळां पाहावयाचा आहे. 'शोले' (१९७५) हें नांव अनेकांनीं लिहिलें होतें. तो चित्रपट आम्हांसही आवडतो. पण त्यांतील संवाद उभ्या देशास मुखोद्गत आहेत. इतके कीं, नुसत्या संवादांच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या. जें मुखोद्गत आहे त्यास पेटींत जागा कशास? तें डोक्यांतून विनाभाडें बरोबर येईल.

खऱ्या बेटावर माणसास काय उणें पडतें, याविषयीं तर्क करण्याचें कारण नाहीं. साक्ष उपलब्ध आहे. अलेक्झांडर सेल्कर्क नांवाचा स्कॉटलंडचा खलाशी १७०४ सालीं आपल्या कप्तानाशीं भांडला आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस असलेल्या हुआन फर्नांडेझ द्वीपसमूहांतील एका ओसाड बेटावर उतरला. त्याच्यापाशीं बंदूक, थोडा दारूगोळा, कुऱ्हाड, सुरी, एक भांडें, बायबल आणि नौकानयनाचीं कांहीं उपकरणें होतीं. चार वर्षें आणि चार महिने तो तेथें एकटा होता. डॅनिएल डिफो यानें १७१९ सालीं 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिलें त्यास याच हकीकतीचा आधार होता असें सामान्यतः मानितात. चिली सरकारनें १९६६ सालीं त्या बेटास रॉबिन्सन क्रूसोचें नांवही दिलें. सेल्कर्कास अन्न कमी पडलें नाहीं. रानबकरे मुबलक होते. दारू संपल्यावर तो त्यांस धांवून पकडीत असे. उंदीर रात्रीं त्याचे पाय कुरतडीत, म्हणून त्यानें मांजरें माणसाळविलीं, आणि त्यांच्यापुढें तो गाई व नाचे. परंतु १७०९ च्या फेब्रुवारींत कप्तान वुड्स रॉजर्स याचीं जहाजें तेथें आलीं, तेव्हां सेल्कर्काचें बोलणें खलाशांस नीट कळेना. वापर नसल्यामुळें तो आपली भाषा विसरत चालला होता, शब्द अर्धे अर्धे उच्चारीत होता, असें रॉजर्सनें लिहून ठेविलें आहे. आणि हा मनुष्य आपली प्रार्थना मोठ्यानें म्हणत असे, ती वाचा शाबूत राहावी याही हेतूनें, असें त्यास पुढें भेटलेला रिचर्ड स्टील सांगतो. एवढी काळजी घेऊनही जीभ अडखळली!

डिफोस हें मर्म ठाऊक असावें. त्याचा क्रूसो पोपटास बोलावयास शिकवितो. 'कास्ट अवे' (२०००) या चित्रपटांत विमानाच्या अपघातांतून वांचून बेटावर पडलेला टॉम हँक्स एका चेंडूवर आपल्या रक्तानें तोंड काढतो आणि वर्षानुवर्षें त्याच्याशीं बोलतो, रुसतो, भांडतो. तो चेंडू समुद्रांत वाहून जातो तेव्हां प्रेक्षकांच्या डोळ्यांस पाणी येतें. एका चेंडूसाठीं!

यावरून आमची कसोटी ठरली. ज्या चित्रपटानें आपली जीभ हलती राहील आणि ज्यांतलें कोणी तरी आपल्याशेजारीं येऊन बसल्यासारखें वाटेल, तोच बेटावर न्यावा. ही कसोटी केवळ बेटापुरती नाहीं. आतां बेटावर जाण्यास जहाज लागत नाहीं. एका घरांत चार माणसें, चौघांच्या हातीं चार पडदे, चौघांच्या कानांत बोंडें. जेवणाच्या हाकेसही कोणी ओ देत नाहीं. मोठ्या सुटीनंतर वर्गांत येणारीं कांहीं मुलें आम्ही पाहतों. प्रश्न विचारला तर अर्धें वाक्य मिळतें, तेंही दोन भाषांचें मिळून. रॉजर्सच्या जहाजावरचे खलाशी सेल्कर्काकडे कसे पाहात असतील, याची आम्हांस अशा वेळीं कल्पना येते. मुलें मंद नाहींत. त्यांच्याशीं महिनाभर कोणी बोललेलें नसतें, इतकेंच.

आमच्या पेटींत पहिला चित्रपट 'संत तुकाराम' (१९३६). प्रभात कंपनीचे दामले व फत्तेलाल यांनीं तो पुण्यास काढिला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबांविषयीं बहुतेक सर्वांनीं लिहिलेलें आहे. रेव्हरंड टिळक तर, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणीं पोहोंचलों, असें म्हणत. तेव्हां या घराण्याशीं आमचें जुनें नातें आहे. तथापि बेटावर आम्हांस तुकोबांहून त्यांच्या पत्नीची, गौरी या नटीनें उभ्या केलेल्या जिजाईची, गरज अधिक पडेल. घरांत दाणा नाहीं, पोरें भुकेलीं, नवरा भजनांत दंग. अशा स्थितींत तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो. पोर आजारी पडतें तेव्हां ती हातांत खेटर घेऊन पांडुरंगास जाब विचारण्यास देवळांत निघते. जिजाईची मराठी पुस्तकी नाहीं. ती चुलीपाशीं, गोठ्यांत आणि उंबऱ्यावर तयार झालेली आहे. एकट्या माणसास कोणी तरी रागें भरणारें हवें असतें. मधुर बोलणारीं माणसें आठवणींतही पुरतात. रागावणारें मात्र समोरच असावें लागतें. शिवाय तिला उत्तर दिल्यावांचून राहवत नाहीं, म्हणजे आमची जीभ हलतीच राहील.

(या जुन्या फिती आपणांस आज पाहावयास मिळतात हेंही एक भाग्यच होय. देशांतील पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत उरलेली नाहीं. त्याच्या मागोमाग १९३२ सालीं आलेला पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' मात्र वांचला.)

'शामची आई' आम्ही नेणार नाहीं, हें वाचून पुष्कळांस धक्का बसेल. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या या चित्रपटास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. साने गुरुजींच्या त्या आईस पाहून आमच्या आधींच्या दोन पिढ्या रडल्या, आणि आम्हीही रडलों. पण रडण्यास सोबत लागते. चित्रपटगृहांत शेजारचा मनुष्यही डोळे पुशीत असतो, म्हणून तें रडणें सुखाचें होतें. बेटावर कोणाच्या पदरास डोळे पुसावयाचे? तेथें तो चित्रपट औषध न होतां दुखणें होईल.

यावर कोणी म्हणेल कीं, मग 'श्वास' कसा नेतां? तोही रडवितोच. संदीप सावंत यांच्या या चित्रपटास २००४ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'शामची आई'नंतर मराठीस तो मान मिळण्यास पन्नास वर्षें लागलीं. कोकणांतील एक आजोबा आपल्या नातवास, परशास, डोळे दाखविण्यासाठीं शहरांत आणतात. दृष्टिपटलाचा कर्करोग निघतो. जीव वांचवावयाचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील, असें डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रिया लांबते, आणि त्या मोकळ्या मिळालेल्या वेळांत आजोबा कोणास न सांगतां पोरास रुग्णालयांतून बाहेर नेतात. दिसतें आहे तोंवर त्यास जग दाखवावें म्हणून.

आमचा खेळांतला प्रश्न या म्हाताऱ्यास खराखुरा पडलेला आहे. थोडेंच पाहावयास मिळणार आहे, काय दाखवूं? त्याच्यापाशीं पैसा नाहीं, शहराची माहिती नाहीं, विचार करण्यास वेळ नाहीं. तो कांहीं थोर अथवा दुर्मिळ असें शोधीत बसत नाहीं. रस्ता, गर्दी, दुकानें, खाऊ, जें समोर येईल तें दाखवितो, आणि स्वतः मात्र पोराच्या तोंडाकडे पाहतो. अरुण नलावडे यांची ती नजर आम्हीं तीन वेळां पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळीं चित्रपट संपल्यावर घरीं कोणाशीं तरी बोलावेंसें वाटलें आहे. 'शामची आई' पाहून मनुष्य आपल्याच बालपणांत शिरतो. 'श्वास' पाहून तो उठतो आणि आजूबाजूस पाहूं लागतो. बेटावरही समुद्र आहे, पक्षी आहेत, संध्याकाळ आहे. तें सर्व परशास दाखवावें तसें मोठ्यानें सांगत फिरावें, अशी आमची योजना आहे.

तिसरा चित्रपट चार्ली चॅप्लिनचा 'गोल्ड रश' (१९२५). हा मूकपट, आणि भाषा राखण्यासाठीं मूकपट नेणें विसंगत दिसेल. परंतु आमच्या मतें याच कामास तो बोलपटाहून अधिक उपयोगी आहे. मूकपटांच्या काळीं आपल्याकडे पडद्याजवळ उभा राहून कथा समजावून सांगणारा मनुष्य असे. बेटावर तें काम आमच्याकडे येईल. चॅप्लिननें १९४२ सालीं स्वतःचें निवेदन जोडून हा चित्रपट पुन्हां प्रसिद्ध केला. आम्हांस ती प्रत नको, जुनी मुकी हवी. बर्फांत अडकलेला भुकेला चार्ली आपला बूट शिजवितो, नाडी शेवयांप्रमाणें खातो आणि खिळे हाडकांप्रमाणें चोखतो. (तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता.) पुढें नववर्षाच्या आदल्या रात्रीं तो मेज मांडून पाहुण्यांची वाट पाहात बसतो, पाहुणे येत नाहींत. बसल्याबसल्या त्यास झोंप लागते, आणि स्वप्नांत ते येतात. तेव्हां तो दोन कांट्यांना दोन पाव टोंचून त्यांस पावलांप्रमाणें नाचवितो. एकटेपणाविषयीं इतकें खरें आणि इतकें हंसविणारें दुसरें कांहीं आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या नाचाला मराठी बोल आम्ही घालूं, आणि रोज निराळे घालूं.

चौथी जागा मालिकेस. शंकर नाग यांनीं दिग्दर्शित केलेली 'मालगुडी डेज' दूरदर्शनवर दाखविली गेली. आर. के. नारायण यांच्या कथा, त्यांचे धाकटे बंधु लक्ष्मण यांचीं रेखाचित्रें, आणि कर्नाटकांतील आगुंबे हें पावसाळी गांव मालगुडी म्हणून. मालिका हिंदी आहे, हें आमच्या कसोटीस थोडें सोडून झालें. परंतु शिक्षकास बेटावर सर्वांत प्रथम आठवेल तो मुलांचा गलका, आणि तो येथें भरपूर आहे. शिवाय यांतला स्वामी ज्या शाळेंत जातो ती आमच्यासारखीच मिशनची शाळा. 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) ही मूळ कादंबरी ज्यानें वाचली आहे त्यास तेथील एबेनेझर मास्तर आठवतोच. तो धर्मशिक्षणाच्या तासास हिंदूंच्या देवांची टवाळी करितो. स्वामी उलट प्रश्न विचारतो तेव्हां त्याचा कान पिरगाळतो. आणि दुसऱ्या दिवशीं स्वामीचे वडील मुख्याध्यापकांस खरमरीत पत्र लिहितात. आमच्या पेशाच्या व आमच्या समाजाच्या माणसास ही गोष्ट गोड लागत नाहीं. मिशनच्या शाळांनीं या देशांत जें चांगलें केलें त्याचीं वर्णनें आमच्या वार्षिकांतून पुष्कळ येतात. एबेनेझराचें वर्णन करण्यास नारायणांसारखा बाकावर बसलेला विद्यार्थीच लागला. असा मनुष्य समोर असलेला बरा.

त्याच कादंबरींत वडील स्वामीस गणित घालतात: रामापाशीं दहा आंबे आहेत, त्यांचे त्यास पंधरा आणे मिळवावयाचे आहेत, कृष्णास चारच आंबे हवे, तर त्यानें किती द्यावे? स्वामी विचारांत पडतो कीं, आंबे पिकलेले होते कीं नव्हते? आमच्या वर्गांत असा प्रश्न अलीकडे कोणी विचारलेला नाहीं. मुलें उत्तर काढून गप्प बसतात.

पांचवी जागा आम्हीं रिकामी ठेविली आहे. ती कोणत्या चित्रपटास द्यावी हें वाचकांनीं सुचवावें. मात्र नांवाबरोबर कारणही लिहावें, आणि तें पुऱ्या वाक्यांत असावें. नुसत्या नांवांचा विचार होणार नाहीं.