तेजी मुंबईत, देणे घाटावर

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर एका शेअर दलालाच्या देणगीतून उभा राहिला, हे सांगताना आपल्याकडे दोन सूर लागतात. कोणी म्हणतो, कापसाची तेजी आली म्हणून मुंबईचे शहर झाले. कोणी नाक मुरडून म्हणतो, तो सगळा जुगार होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांचाही हिशेब मुंबईच्या वेशीशी संपतो.

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि कापसाविना इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांची बरीचशी मागणी मुंबईच्या धक्क्यावर येऊन आदळली. नेहमीच्या भावाने मिळाले असते त्याहून सात-आठ कोटी पौंड जास्त चार वर्षांत या शहरात आले. लोकांनी गाद्या-उशा उसवून जुनी रुई विकल्याचे सांगतात. गाठींचे वजन वाढवायला सरकी, माती, पाणी असे काहीही चालू लागले, तेव्हा १८६३मध्ये भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग बँका निघाल्या, समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. ९ एप्रिल १८६५ला दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रे खाली ठेवली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली, तेव्हा घेणेकरी सगळेच होते आणि देणारा कोणी नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाडांसारखा विद्वानही त्यात पोळला. खुद्द सरकारचे भागभांडवल असलेल्या बँक ऑफ बॉम्बेला पुढे गाशा गुंडाळावा लागला. १८६४च्या शिरगणतीत ८,१६,५६२ माणसे असलेल्या मुंबईत १८७२ला ६,४४,४०५ उरली.

तरीही सगळेच बुडाले असे नाही. राजाबाई टॉवरचे देणगीदार दलाल प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या टॉवरसाठी दोन लाख रुपये १८६४मध्ये, म्हणजे हातात होते तेव्हाच देऊ केले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचा तट पाडून मोकळी झालेली जागा चढ्या भावात विकली. एल्फिन्स्टन कंपनीने समुद्र भरून केलेली जमीन सरकारने नंतर विकत घेतली आणि १८७३च्या पोर्ट ट्रस्टला ती आयती मिळाली. रोखीत उतरले ते टिकले, वायद्यावर होते ते गेले. मात्र गिरण्यांचे श्रेय तेजीला देताना जपून द्यावे. कापूस महाग असताना सूत काढणे परवडत नव्हते. गिरण्यांची खरी वाढ नंतर, कापूस उतरल्यावर झाली. म्हणजे कापडाच्या मुंबईला तेजीइतकीच मंदीही मानवली.

घाटावरचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, वह्या आणि कर्जखते बाहेर काढून जाळली. रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. या उठावाचे मूळ थेट कापसाच्या तेजीत शोधणे मला पटत नाही. कापूस पिकायचा खानदेशात, वऱ्हाडात, गुजरातेत, धारवाडकडे. सुपे-इंदापूरचा माणूस ज्वारी-बाजरीवाला. पण त्याच्या धान्याचेही भाव त्या वर्षांत चढले, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली आणि त्याची पत वाढलेली पाहून सावकाराने हात सैल सोडला. मग भाव उतरले. नेमक्या त्याच सुमारास, १८६७पासून, इंदापुरात तीस वर्षांनी जमीनसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली, आणि ती करताना चढ्या भावांचा काळ हिशेबात धरला गेला. उठावाच्या सरकारी चौकशीने या सगळ्याची नोंद घेतली. पुढच्या काही अभ्यासकांना त्यात अतिशयोक्ती वाटते. अतिशयोक्ती मान्य केली तरी तेजीचे आकडे धरून बसवलेला सारा मंदीत भरावा लागला, हे उरतेच. पोटातली ही आग सरकारला दिसायला उठाव व्हावा लागला. कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा १८७९मध्ये आला.

म्हणून तेजीला नुसते बरे किंवा वाईट म्हणणे मला अपुरे वाटते. तेजी थोपवणे त्या वेळी मुंबईच्या हातात नव्हते, आजही नसते. हातात असते ती आकारणी आणि पतपुरवठा. २०२२मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून खानदेश-विदर्भातल्या घराघरांत कापसाचे ढीग पडून राहिले आणि भाव सात-आठ हजारांवर आला. शेतकऱ्याने थांबण्याचा जुगार खेळला, असे म्हणणे सोपे आहे. पण आदल्या वर्षीच्या भावावर बियाणे, मजुरी आणि उधारी ठरते तेव्हा थांबण्यावाचून त्याच्यापुढे फारसे काही उरत नाही. पीककर्जाची मुदत अशा वर्षी वाढवून देणे, आणि तीही भाव पडल्याचा गलका होण्याआधी, एवढे बँकांना आणि सरकारला नक्की करता येते. त्याने हिशेब करायची सवय मोडेल, शिस्तीने फेडणाऱ्यावर अन्याय होईल, हा आक्षेप खरा आहे आणि त्यासाठी मुदतवाढीला एका हंगामाची मर्यादा घालावी. सरसकट माफीपेक्षा ते स्वस्त पडेल.