न दिलेले घेणे

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला माझा नातू एके दुपारी संगणकावर एक जुना व्हिडिओ गेम खेळत बसला होता. ज्या यंत्रासाठी तो खेळ तयार झाला, ते याच्या जन्मापूर्वीच बाजारातून गेलेले. मग खेळ कोठून आणलास, असे मी सहज विचारले. तो म्हणाला, "आजोबा, इंटरनेटवरून उतरवून घेतला. दुकानात तो मिळतच नाही. आणि मी घेतल्याने मालकाकडचा कमी थोडाच झाला? मग ही चोरी कशी?" उभा जन्म बँकेत हिशेब तपासण्यात गेला, तरी मला याचे उत्तर लगेच देता आले नाही.

विषय समजावून घेता ध्यानात आले की येथे दोन वस्तू आहेत. जुन्या यंत्राचे काम संगणकाकडून करवून घेणारी आज्ञावली म्हणजे एम्युलेटर. खुद्द खेळाची नक्कल म्हणजे रॉम. पहिली तराजूसारखी, दुसरी त्यात तोलावयाच्या मालासारखी. असा तराजू घडविण्यात दोष नाही. प्लेस्टेशनचे खेळ संगणकावर चालावेत म्हणून कनेक्टिक्स या कंपनीने सोनीच्या यंत्रातील आज्ञावलीच्या प्रती काढून तिचा अभ्यास केला. अमेरिकेतील अपील न्यायालयाने 2000 मध्ये तो वाजवी वापर ठरविला.

माल कोठून आला, हा प्रश्न मात्र उरतोच. 2024 मध्ये निन्टेंडोने 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला. 12 मे 2023 रोजी विक्रीस यावयाचा झेल्डा मालिकेतील खेळ त्यापूर्वीच दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला, असे कंपनीचे म्हणणे होते. अखेर तडजोड झाली. कर्त्यांनी 24 लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि युझू बंद झाले. दुकानात मांडण्याआधीच माल उचलणे, याला कोणतेही गोंडस नाव देता येत नाही.

नातवाचा खेळ मात्र विक्रीलाच नव्हता, आणि असे खेळ थोडे नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के रीतसर विकत मिळत नाहीत, असे आढळले. ग्रंथालयांना आपल्या संग्रहातील जुने खेळ अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची मुभा असावी, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने 2024 मध्ये नाकारली. मालक विकत नाही आणि जपणाऱ्यालाही वाट देत नाही, अशी ही अडचण आहे.

आपल्याला ती परकी वाटू नये. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवला दीर्घकाळ केवळ दर्शनापुरती होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने नकला सुरू झाल्या. त्या करणाऱ्याने एक प्रत गुपचूप बाहेर नेली. त्याच वाटेने पसरलेल्या प्रतींच्या आधारे प्रा. हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे मूडबिद्रीकरांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास साहाय्य केले. गुपचूप नेलेल्या प्रतीने ग्रंथ लोकांपुढे आला, हे नाकारता येत नाही. तरी शुद्ध पाठ मिळण्यास अखेर संमतीच उपयोगी पडली.

बँकेत दहा वर्षे विचारपूस न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण खातेदाराचा हक्क बुडत नाही. मालक फिरकला नाही म्हणून ठेव अधिकाऱ्याची होत नाही. आपल्याकडे चोरीला 'अदत्तादान' म्हटले आहे. दुसऱ्याचे कमी झाले काय, हा त्यातील प्रश्नच नव्हे. त्याने दिले काय, एवढाच प्रश्न आहे. म्हणून जतनासाठी ग्रंथालयांना कायद्याने मोकळीक द्यावी आणि मालकांनीही माल अडवून ठेवू नये, असे माझे मत झाले आहे. परंतु घरबसल्या करमणुकीसाठी ती मोकळीक आपणच घेऊ नये.

हे नातवाला सांगताना मला संकोच वाटला. नव्वदच्या दशकात त्याच्या वडिलांना टीव्हीला जोडावयाचा गेम मीच आणून दिला होता. जपानी फॅमिकॉमची ती विनापरवाना नक्कल; एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ. व्हाउचरवाचून पैसा न सोडणाऱ्या मी त्या दिवशी पावती मागितली नाही, आणि इतके स्वस्त कसे, असेही विचारले नाही. ही गोष्ट मी त्याला सांगितली. मग आम्ही त्याच्याकडील तीन खेळांचा शोध घेतला. दोन रीतसर विकत मिळाले. ते त्याने साठविलेल्या पैशांतून घेतले. तिसऱ्याचे काय केले, हे मी विचारले नाही. व्रत ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते.

जाताना त्याने विचारले, "आजोबा, मामांच्या पेढीवरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घेतलेले आहे ना?" चोरीची आज्ञावली जाणूनबुजून धंद्यात वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब मध्ये किमान सात दिवसांचा कारावास सांगितला आहे. पण तो मुलगा कायद्याविषयी विचारत नव्हता. आपल्या पेढीवर हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वी, वाचकहो, आपणच एकदा पावत्यांची फाइल उघडून पाहावी.