पगार की फी? कलम वाचा, मग सही करा

आपल्या वस्त्यांमधून आता मोठ्या संख्येने मुले-मुली डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून बाहेर पडत आहेत. पहिली नोकरी मिळाली की घरात आनंद होतो, पेढे वाटले जातात. पण हातात पडलेला कागद नोकरीचा आहे की कंत्राटाचा, हे किती जण वाचतात?

हा फरक ओळखण्याची सोपी खूण प्राप्तिकर कायद्यात आहे. १९६१ च्या कायद्यानुसार पगारावरील करकपात कलम १९२ खाली होते आणि फॉर्म १६ मिळतो. कंत्राटाच्या कामावर १९४सी खाली व्यक्तीसाठी १ टक्का, तर व्यावसायिक सेवेच्या फीवर १९४जे खाली साधारण १० टक्के कापले जातात. तिथे फॉर्म १६ए मिळतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने हे आकडे बदलतात. पगारासाठी कलम ३९२, बाकीच्या बहुतेक देयकांसाठी ३९३. आकडे बदलले तरी पगार आणि फी यांतला भेद कायम आहे.

एक हिशेब पाहा. दोन साइट इंजिनिअर, दोघांनाही महिना ४० हजार. पहिला पगारदार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून त्याची कपातही शून्य. दुसऱ्याला 'कन्सल्टंट' म्हणून घेतले आहे. त्याचे दरमहा ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार कापले जातात. कर त्यालाही लागत नाही. पण रिटर्न भरल्याशिवाय ते पैसे परत येत नाहीत. "आपले उत्पन्न कमी, रिटर्न कशाला?" असे म्हणणारा तरुण स्वतःची महिन्याभराहून अधिकची कमाई सरकारजमा सोडून देतो. पॅन दिला नसेल, तर कपात सहसा २० टक्क्यांवर जाते.

पैसे उशिरा का होईना, परत मिळतात. माझा खरा आक्षेप पुढचा आहे. हजेरी सक्तीची, वेळ ठरलेली, साहेबांच्या परवानगीशिवाय सुट्टी नाही आणि कागदावर मात्र 'कन्सल्टंट'! यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा वाचतो, ग्रॅच्युइटी वाचते, भरपगारी रजा वाचते. नुकसान सोसतो तो तरुण, आणि त्याला ते कळते आजारपणात किंवा काम सुटल्यावर.

कागदावरचे नाव हा अखेरचा शब्द नसतो. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच मिठागरांतील अगरियांना कामगार ठरवले होते. कंपनी त्यांना स्वतंत्र कंत्राटदार म्हणत होती. न्यायालयाने पाहिले ते कामावर नियंत्रण कोणाचे, हे.

कंत्राटी काम वाईट असते असे नाही. स्वतःची वेळ, चार ग्राहक आणि पुरेसा दर असेल तर ते फायद्याचेच. इंजिनिअरसारख्या व्यावसायिकांना निम्मी आवक हेच उत्पन्न दाखवण्याची सोयही आहे. पण मग फीसुद्धा तशीच मागा. पगाराएवढ्याच रकमेत कंत्राट स्वीकारणे म्हणजे हक्क फुकट सोडणे.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : कपात कोणत्या कलमाखाली होणार? पीएफ आहे का? फॉर्म कोणता मिळणार? प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर काय जमा झाले तेही तपासा. आणि मोहल्ल्यात करिअर मार्गदर्शनाची शिबिरे घेणाऱ्यांनी बायोडेटा लिहायला शिकवताना एक तास या कागदांसाठीही ठेवावा. नोकरी मिळवून देण्याइतकेच ती समजावून देणेही गरजेचे आहे.