जगज्जेतेपदाचे दार

‘जगज्जेता’ हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हल्ली वारंवार येतो. सामना क्रिकेटचा असो वा बुद्धिबळाचा, वर्तमानपत्रात कोणाच्या ना कोणाच्या नावामागे हे विशेषण लागलेले असतेच. परंतु एखाद्या खेळाडूस साऱ्या जगात श्रेष्ठ म्हणण्याचा अधिकार कोणत्या सामन्याने प्राप्त होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ज्या सामन्यात कित्येक उत्तम खेळाडूंना प्रवेशच नाही, तो जिंकणाऱ्यास जगज्जेता म्हणावे काय? माझे नम्र मत असे आहे की, अशा पदाची किंमत चषकाच्या चांदीवरून ठरत नसून मैदानाच्या दारावरून ठरते. ते दार जितके मोकळे, तितके ते पद थोर. हे मत एका खेळाच्या इतिहासावर घासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो खेळ म्हणजे स्क्वॅश.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली मुले थोडीच असतील. म्हणून प्रथम त्याची ओळख करून देतो. चार भिंतींच्या एका दालनात दोन खेळाडू रॅकेट घेऊन उभे राहतात. त्यांच्यामध्ये जाळे नसते. दोघांचीही तोंडे समोरच्या एकाच भिंतीकडे असतात. एकाने रबरी चेंडू त्या भिंतीवर मारावा, आणि तो जमिनीवर दुसऱ्यांदा टप्पा घेण्यापूर्वी दुसऱ्याने परत भिंतीवर मारावा, असा हा क्रम. जागा थोडी, चेंडू चपळ, आणि दम घेण्यास फुरसत नाही. या खेळाचा जन्म सुमारे १८३० साली इंग्लंडातील हॅरो येथील शाळेत झाला. तेथील मुले ‘रॅकेट्स’ नावाचा जुना खेळ कठीण चेंडूने खेळत. छिद्र पडलेला चेंडू भिंतीवर आपटताच चेपतो, त्यामुळे तो नाना प्रकारांनी मारता येतो आणि त्यामागे धावावेही अधिक लागते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्या चेपण्यावरूनच खेळाला ‘स्क्वॅश’ हे नाव पडले. विद्यार्थीमित्रहो, निकामी झालेल्या चेंडूतून शाळकरी मुलांनी एक नवा खेळ उभा केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शाळेतून हा खेळ श्रीमंतांच्या क्लबांत आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या छावण्यांत गेला, व तेथून साम्राज्याबरोबर देशोदेशी पसरला. त्या काळी जागतिक अजिंक्यपद म्हणून काही नव्हतेच. ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकणारा तोच जगात पहिला, असे लोक समजत. येथे एक कौतुकाची गोष्ट सांगितली पाहिजे. स्त्रियांची ही स्पर्धा १९२२ साली सुरू झाली. पुरुषांची त्यानंतर आठ वर्षांनी, १९३० साली. शिवाय पुरुषांची पहिली स्पर्धा म्हणजे केवळ दोन माणसांची झुंज होती. चार्ल्स रीड यांना विजेते मानण्यात आले, डॉन बुचर यांनी त्यांना आव्हान दिले व हरविले, झाली स्पर्धा! पुढे कितीतरी वर्षे पद धारण करणारा एक आणि आव्हान देणारा एक, अशीच रीत चालू होती. आज ज्या पदाकडे जग आदराने पाहते, त्याचा आरंभ इतका लहान होता.

हे दार प्रथम कोणी ठोठावले, हे पाहू गेल्यास आपल्याला मुंबईस यावे लागते. पेशावरजवळच्या नवाकिल्ला गावचे हाशिम खान हे एका क्लबातील सेवकाचे पुत्र. वडील अपघातात वारले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. शाळा सुटली, आणि साहेबलोकांचे चेंडू गोळा करून देण्याचे काम हाती आले. तेथील कोर्टांवर छप्परही नव्हते. साहेब खेळून गेले की उन्हाने तापलेल्या त्या जागेत हा मुलगा अनवाणी एकटाच खेळत राही. १९४४ साली मुंबईत अखिल भारतीय स्क्वॅश स्पर्धा प्रथमच भरली. ती हाशिम यांनी जिंकली, आणि पुढील दोन वर्षेही हे पद आपल्याकडे राखले. मुंबईत त्यांनी ज्यांना हरविले त्यांत अब्दुल बारी हे नामांकित खेळाडू होते. फाळणीनंतर बारी भारतात राहिले, आणि १९५० साली ब्रिटिश खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे इजिप्तचे महमूद करीम यांच्याकडून ते पराभूत झाले. ही वार्ता ऐकून हाशिम यांच्या मनात आले असेल की, ज्याला मी हरविले तो जर तेथवर जातो, तर मी का जाऊ नये? परंतु विलायतेचे भाडे कोठून आणावे? शेवटी पाकिस्तानच्या हवाई दलाने त्यांची पाठवणी केली. १९५१ साली वयाची पस्तिशी उलटलेल्या या गृहस्थांनी त्याच करीम यांना ९–५, ९–०, ९–० असे हरविले.

पुढे जे घडले ते तर विलक्षणच होते. १९५१ पासून १९६३ पर्यंत सलग तेरा वर्षे ही स्पर्धा खान मंडळींनीच जिंकली. हाशिम यांनी सात वेळा, त्यांचे धाकटे बंधू आझम यांनी चार वेळा, तर रोशन आणि मोहिबुल्ला यांनी प्रत्येकी एकदा. हाशिम यांच्या अंगचे कौशल्य १९५१ साली अकस्मात उत्पन्न झाले काय? ते १९४४ सालीही होतेच. मधली सात वर्षे उणीव होती ती केवळ दार उघडणाऱ्या हाताची.

तथापि जगज्जेतेपदाच्या दारावर आणखी एक कडी होती. १९६७ साली आंतरराष्ट्रीय स्क्वॅश संघटना स्थापन झाली. भारत हा तिच्या संस्थापक देशांपैकी एक होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात तिची पहिली स्पर्धा भरली व तेथील जेफ हंट विजयी झाले. पण ही स्पर्धा केवळ ‘हौशी’ खेळाडूंसाठी होती. जो खेळावर पोट भरतो, क्लबात शिकवून पगार घेतो, तो ‘धंदेवाईक’. त्याला तेथे मज्जाव! वरवर पाहता हा नियम शुद्ध व उदात्त वाटतो. परंतु त्याचा अर्थ असा होई की, ज्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही त्याने जगज्जेता व्हावे, आणि ज्याला खेळूनच भाकरी मिळवावयाची आहे त्याने दाराबाहेर उभे राहावे. ही कडी निघण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडन येथे पुरुषांची, आणि ब्रिस्बेन येथे स्त्रियांची, सर्वांस खुली असलेली पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांत जेफ हंट व स्त्रियांत हेदर मॅके विजयी झाल्या. माझ्या मते खरे जगज्जेतेपद त्याच वर्षी जन्मास आले.

हेदर मॅके यांचे चरित्र आपल्या मुलींनी अवश्य जाणून घ्यावे. अकरा भावंडांच्या घरातील ही मुलगी. हॉकी खेळण्यास अंगात दम राहावा म्हणून ती स्क्वॅश खेळू लागली, आणि १९६२ पासून १९७७ पर्यंत सलग सोळा वर्षे तिने ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. पुढे मलेशियासारख्या लहान देशाच्या निकोल डेव्हिड यांनी २००५ ते २०१४ या काळात आठ वेळा जागतिक पद मिळविले. २०२५ साली इजिप्तच्या नूर एल शेरबिनी यांनी त्यांची बरोबरी केली. स्त्रियांना खेळाचे दार उघडे होते, पण बक्षिसाच्या थैलीचे तोंड मात्र दीर्घकाळ त्यांच्यासाठी अरुंद राहिले. २०१९ साली शिकागो येथील जागतिक स्पर्धेत दहा लाख डॉलरांची रक्कम पुरुष व स्त्रिया यांत समसमान वाटली गेली.

दार उघडले म्हणजे घरधन्याला आपली जागा सोडावी लागते, हेही या इतिहासात दिसते. रोशन खान यांचे पुत्र जहांगीर लहानपणी इतके अशक्त होते की, वैद्यांनी त्यांना खेळण्यास मनाई केली होती. त्यांनी १९८१ साली, सतराव्या वर्षी, जेफ हंट यांना हरवून जगज्जेतेपद मिळविले, व एकंदर सहा वेळा ते जिंकले. त्याच नवाकिल्ल्याचे जानशेर खान आठ वेळा जिंकले. आणि ज्या इंग्लंडात हा खेळ जन्मला, त्या देशाच्या पुरुषांना खुल्या जागतिक स्पर्धेत पहिला विजय केव्हा मिळाला? २०१० साली, निक मॅथ्यू यांच्या हातून. म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यावर चौतीस वर्षांनी. इंग्लंडने याबद्दल खंत केली असेलही; परंतु खेळ मोठा झाला तो यामुळेच.

या खेळाचे सर्वांत अलीकडचे दारही मुंबईतच उघडले. २०१२, २०१६ आणि २०२० या तिन्ही ऑलिंपिकांच्या वेळी स्क्वॅशची मागणी नाकारली गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकात या खेळास स्थान देण्याचा निर्णय तेथे झाला. आपल्या देशाची प्रगतीही आनंददायक आहे. २०१४ व २०२३ या दोन्ही साली आशियाई सामन्यांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या पुरुष संघात मुंबईचे महेश माणगावकर होते. २०२२ साली ग्लासगो येथे दीपिका पल्लिकल व जोश्ना चिनप्पा यांनी स्त्रियांच्या दुहेरीचे जागतिक पद मिळविले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत भारतीय संघाने स्क्वॅशचा विश्वचषक प्रथमच जिंकला. एकेरीचे जगज्जेतेपद मात्र २०२५ अखेर एकाही भारतीयाच्या हाती आलेले नव्हते.

येथवर वाचून एखादे पालक म्हणतील, “मास्तर, हे सगळे ठीक, पण आमच्या अवर्षणाच्या मुलखात काचेच्या भिंतींचे कोर्ट कोण बांधणार? लंडन-शिकागोच्या गोष्टींशी आमच्या मुलांचा संबंध काय?” शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर दूर शोधावयास नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात पुरुषांचे २० व स्त्रियांचे १९ संघ उतरले. दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळवर विजय मिळविला. आणि त्या विजयी स्त्री-संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्याआधी याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविले, २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई सामन्यांत सुवर्णपदक आणले, व २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळविला. घरी एका वेळच्या जेवणावर दिवस काढावे लागले, हे त्यांनीच सांगितले आहे. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी होत्या. खेळाने पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कोणी नाक मुरडून म्हणतात की, खो-खो इतर देशांना नवा. तेव्हा आपण जिंकलो यात नवल ते काय? त्यांस स्क्वॅशच्या त्या दोन माणसांच्या स्पर्धेची आठवण द्यावी. आरंभ सर्वांचाच लहान असतो. खो-खोचे पद थोर व्हावे असे वाटत असेल, तर आपण इतरांना मनापासून शिकविले पाहिजे, आणि एखाद्या दिवशी एखादा लहानसा देश आपल्याला हरवील त्या दिवशी टाळ्या वाजविण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. हॅरोचा खेळ नवाकिल्ल्याचा झाला. आपला खेळही कोणाचा तरी होवो.

आता मुद्द्याची गोष्ट. जगाचे दार उघडणे आपल्या हाती नाही. घराचे व शाळेचे दार मात्र आहे. मुलगी नववीत गेली की, ‘आता खेळ पुरे, घरात मदत कर’ असे सांगून तिला मैदानावरून परत बोलावणारी घरे आपल्याकडे अद्याप पुष्कळ आहेत. मुलाला मात्र तीच माउली संध्याकाळभर मोकळे सोडते! परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची रीत आम्हा शिक्षकांतही आहे. ती मोडली पाहिजे. आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्याही हाती एक दार आहे. प्रत्येक वर्गात एखादा मुलगा असा असतो की, ज्याला आपण फक्त सीमेपलीकडचा चेंडू आणावयास धाडतो. त्याच्याजवळ बूट नसतात, बॅट नसते, आणि मागण्याचे धैर्यही नसते. उद्या संध्याकाळी त्याला दहा मिनिटे खेळावयास द्या. तो जगज्जेता होईलच असे नाही. बहुधा होणारही नाही. परंतु पेशावरच्या त्या क्लबात चेंडू आणून देणाऱ्या मुलाकडे पाहून तरी त्यापेक्षा अधिक कोणास काय वाटले असेल?