थकव्याचे मोजमाप

कामाचा एक थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. दुसरा सुट्टी संपली तरी अंगातून जात नाही. या दुसऱ्या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. १९८१ मध्ये क्रिस्टिना मासलाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली तयार केली.

ही प्रश्नावली तीन गोष्टी तपासते: भावनिक शक्ती आटणे, माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडते ही भावना मावळणे. रात्रपाळी करून आलेली परिचारिका प्रत्येक विधानापुढे ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत शून्य ते सहा असे गुण देते. रुग्ण तिला माणूस न वाटता नुसता खाटेचा क्रमांक वाटू लागला असेल, तर ते त्या गुणांत उमटते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००५ मध्ये १९ प्रश्नांची कोपनहेगन प्रश्नावली मांडली. तिच्यात वैयक्तिक, कामातला आणि ज्यांची सेवा करायची त्यांच्यामुळे येणारा थकवा वेगवेगळा मोजला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न मानता कामाशी निगडित अवस्था ठरवले. म्हणूनच नाव गुप्त ठेवून घेतलेली उत्तरे कर्मचाऱ्याला दोषी ठरवण्यासाठी नसतात. त्यांच्या आधारे पाळ्या, मनुष्यबळ आणि कामाचे तास बदलले, तरच या मोजमापाला अर्थ आहे.