गळकी काच आणि गंजणारा पत्रा

वैशाख सरत आला की आपल्या बेळगाव प्रांती घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसू लागतात. कौले उतरवावयाची, फुटकी निवडून बाजूला काढावयाची, खालच्या रिपा ठोकून पाहावयाच्या आणि मृगापूर्वी सारे पुन्हा जागच्या जागी बसवावयाचे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. स्लॅबची घरे वाढली तशी ही शाकारणी मागे पडू लागली असली, तरी तिच्यामागील शहाणपण मागे पडण्याचे कारण नाही. गळती पावसात दिसते, पण तिचा बंदोबस्त उन्हातच करावा लागतो. हेच शहाणपण दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीलाही लागू करावे, एवढेच आम्हांला या महिन्यात सुचवावयाचे आहे.

त्याला निमित्त झाले आहे एका वाचकभगिनींच्या पत्राचे. त्यांच्या घरी १९८५ सालची पद्मिनी आहे. यजमानांनी हौसेने घेतलेली. यजमान आज हयात नाहीत, पण गाडी चालू स्थितीत आहे आणि चिरंजीव ती अधूनमधून बाहेर काढतात. गेले दोन पावसाळे पुढच्या आसनाखाली पाणी साचते. पुढच्या काचेभोवती दोनदा सीलंट भरून घेतले. दोन्ही वेळा ते चार सरींपुरते टिकले. आता चिरंजीव म्हणतात, "आई, पुरे झाले, मोडीत देऊन टाकू." आणि त्या आम्हांस विचारतात, "केवळ काचेतून पाणी येते म्हणून गाडी काढावी काय?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही शेवटी देणार आहोत. कारण ते देण्यापूर्वी ही काच गाडीत बसते कशी, हे समजून घेतले पाहिजे.

आजच्या मोटारींची पुढची काच पॉलियुरेथेनच्या चिकट लेपाने थेट पत्र्याला जोडलेली असते. अशा गाडीची काच निखळली तर घरी हात घालू नये. ती काच छपराला आधार देते, पुढे बसलेल्याच्या समोरची हवेची पिशवी उघडली की तिच्या पाठीलाही काचेचाच टेकू असतो. तेव्हा ते काम जाणत्याकडेच सोपवावे. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी यांची गोष्ट निराळी. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्याही पुष्कळ आधी. परंतु ज्या गाड्या अद्याप घरोघरी जपल्या गेल्या आहेत, त्यांची काच निव्वळ रबराच्या पकडीवर उभी आहे. या रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड बसते, दुसऱ्या खाचेत पत्र्याची. बाहेरच्या अंगास आणखी एक बारीक खाच असते, तिच्यात एक पट्टी दाबून बसविली की रबर फुगते आणि दोन्ही कडा घट्ट धरते. पाचर मारून लाकडाचा सांधा आवळावा, तसाच हा प्रकार.

आता रबर म्हटले की त्याला वय आलेच. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थांना गंधकासह तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, तेव्हाच ते यंत्रांच्या उपयोगी पडू लागले. तरीही ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही. वर्षे लोटतात तसे ते कडक होते, आकसते, त्याला बारीक चिरा जातात. आकसलेले रबर चारही कोपऱ्यांतून ओढले जाते. म्हणून गळतीचा पहिला संशय नेहमी कोपऱ्यांवर, त्यांतही खालच्या दोन कोपऱ्यांवर घ्यावा, कारण पाणी तेथेच साचून राहते.

येथवरची गोष्ट सोपी आहे. अवघड भाग पुढेच आहे. रबराखाली शिरलेले पाणी सगळेच आत ठिबकत नाही. थोडे खाचेतच मुरते आणि पत्र्याच्या कडेला लागून राहते. तेथे ऊन पोहोचत नाही, वारा पोहोचत नाही; रंगाला कोठे टवका गेला असेल तर गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. म्हणजे ज्या जागेत पूर्वी पातळ पत्रा मावत होता, तेथे आता फुगलेला पापुद्रा येतो आणि तो रबराला आतून उचलतो. उचललेल्या रबराखाली अधिक पाणी, अधिक पाण्याने अधिक गंज. बाहेरून सीलंटचा थर दिला की पाण्याची वाट काही दिवस बंद होते, पण आत अडकलेल्या पाण्याचीही बाहेर पडण्याची वाट बंद होते. आमच्या वाचकभगिनींच्या गाडीत दोनदा भरलेले सीलंट दोनदा का सुटले, याचे बहुतांशी कारण येथे असावे. ओल्या भिंतीवर चुना मारावा, तसे ते झाले.

तेव्हा पहिले काम बुजविण्याचे नव्हे, शोधण्याचे. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' ही म्हण गळतीच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. पाणी शिरते एकीकडे, पत्र्याच्या आतल्या अंगाने सरकते आणि थेंब पडतो भलतीकडे. पायाशी साचलेले पाणी काचेतूनच आले असे धरून चालू नये. वायपरच्या दांड्या जेथून बाहेर येतात तेथील रबरी चकत्या, बॉनेटच्या मागील हवेची जाळी, दाराचे रबर, छपराच्या पन्हळीचा तडकलेला सांधा, रेडिओच्या एरियलचे भोक, यांपैकी कोणीही दोषी असू शकते.

शोध घेण्याची रीत अशी. गालिचे काढून गाडी आतून पूर्ण कोरडी करावी. डॅशबोर्डाखाली आणि जमिनीच्या पत्र्यावर वर्तमानपत्रे पसरावीत. ओला डाग त्यांवर तत्काळ उमटतो. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाण्याला जोर नको; नुसती धार वाहती ठेवावी. प्रारंभ खालच्या कडेपासून करावा आणि एकेका वीतभर जागेवर चार-पाच मिनिटे थांबत वर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमके कोठून शिरले ते कळत नाही. आत थेंब दिसला की बाहेरच्या माणसाला थांबवावे आणि ती जागा खडूने खूण करून ठेवावी.

कित्येकदा असे होते की दारात उभी असताना गाडी गळत नाही आणि चोर्ला घाटाच्या वाटेला लागली की पाय भिजतात. त्यात जादू काही नाही. धावत्या गाडीवर समोरून येणारा वारा काचेच्या पायथ्याशी दाटतो आणि साचलेले पाणी रबराखाली रेटतो. अशा गाडीसाठी दुसरी परीक्षा करावी. गाडीत हवेचा पंखा असल्यास बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी ठेवून तो पूर्ण वेगाने लावावा, खिडक्या आणि दारे बंद करावीत आणि बाहेरून रबराच्या कडांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे फट असेल तेथे बुडबुडे येतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण असेच शोधतो.

फट सापडली आणि रबर अद्याप मऊ असेल, नखाने दाबल्यावर परत उठत असेल, तर काच उतरविण्याची आवश्यकता नाही. बांबूची गुळगुळीत काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घेऊन रबराची ओठाळी हळूच उचलावी. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, त्याने रंग खरवडतो आणि काचेची कडही दुखावते. आतील माती, जुने सीलंट, शेवाळ साफ करावे. नंतर गाडी एकदोन दिवस कडक उन्हात उभी करावी. हा वेळ वाया गेला असे कोणी समजू नये. सगळ्या कामाचा जीव याच दोन दिवसांत आहे. मग खास मोटारीच्या काचेसाठी मिळणारे, कायम लवचिक राहणारे सीलंट नळीच्या टोकाने ओठाळीखाली भरावे. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये एकदा, रबर आणि काच यांच्यामध्ये एकदा. न्हाणीघरासाठी मिळणारे, उघडताच शिरक्यासारखा वास मारणारे सिलिकॉन येथे मुळीच वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल पत्र्याला खाते, आणि एकदा ते लागले की त्या जागी पुढे ना रंग धरत ना दुसरे सीलंट.

रबर कडक होऊन चिरले असेल तर मात्र ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नवे आणण्यापूर्वी जुन्याचा दोन इंचांचा तुकडा कापून सोबत न्यावा आणि दोन्ही खाचांची रुंदी ताडून पाहावी. 'सगळ्यांना बसते' असे सांगून दिलेले रबर बहुधा कोणालाच नीट बसत नाही.

या कामाला तीन माणसे हवीत. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावावा. प्रथम वायपर आणि बाहेरची पट्टी काढावी. जुने रबर वाचविण्याचा मोह धरू नये. बाहेरची ओठाळी धारदार सुरीने कापून टाकली की काच सुटते. मग आतून वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळहाताने सावकाश दाब द्यावा आणि बाहेरच्या दोघांनी काच अलगद झेलून जाड गोधडीवर ठेवावी. काचेचा मध्य पुष्कळ सोसतो, कड काहीच सोसत नाही.

काच उतरली की गाडीचे खरे रूप समोर येते. पत्र्याच्या कडेवरील गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा, त्यावर गंजरोधक प्राइमर द्यावा, वर रंग द्यावा आणि पुरते वाळू द्यावे. कड जेथे कुरतडली गेली असेल तेथे लांबी भरून भागत नाही. तेथे पत्र्याचा नवा तुकडा जोडवून घ्यावा. लांबीवर बसविलेले रबर पहिल्या खड्ड्याला पुन्हा तोंड उघडते.

काच परत बसविण्याची युक्ती जुन्या कारागिरांच्या हातात असे आणि ती पाहण्यासारखी असते. रबर आधी काचेभोवती चढवितात. सुट्या लांबीचे रबर असेल तर ते ओढून बसवीत नाहीत. उलट सेंटिमीटरभर जास्तच ठेवून सांधतात, कारण पुढे ते आकसणारच. मग पत्र्याच्या खाचेत तीन-चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सभोवार भरतात. तिची दोन्ही टोके खालच्या बाजूस मध्यभागी वीतभर एकमेकांवर येऊन आत लोंबती राहतात. खाचेला साबणाचे पाणी लावतात, तेल अगर ग्रीस कधीच नाही, कारण त्याने रबर कुजते. काच बाहेरून जागेवर टेकवितात. बाहेरचा माणूस तळहाताने दाबतो, आतला दोरीचे टोक काचेच्या मध्याकडे सावकाश ओढतो. दोरी निघते तसतशी रबराची आतली ओठाळी पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येते. दोघांचे हात एकाच जागी चालले पाहिजेत. शेवटी बाहेरची पट्टी बसवावयाची, सीलंटचा हात फिरवावयाचा आणि दुसऱ्या दिवशी नळीने पाणी सोडून पुन्हा परीक्षा घ्यावयाची. हे काम येणारे हात आता थोडे उरले आहेत. आपल्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याच्याकडूनच काम करवून घ्यावे आणि घरातील तरुणांनी शेजारी उभे राहून ते पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. काचेतून पाणी येते म्हणून गाडी मोडीत देण्याचे कारण नाही. रबर ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलण्यासाठीच असते. परंतु निर्णय रबरावर नव्हे, पत्र्यावर अवलंबून आहे. आमच्या वाचकभगिनींनी चिरंजीवांकरवी एक गोष्ट करावी. गालिचे काढून आसनाखालचा पत्रा आणि दाराखालच्या पेट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जागोजाग दाबून पाहाव्यात. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे; नि:शंक मनाने रबर बदलावे. एखाद्या जागी टोक रुतले तर आधी पत्र्याचे काम, मग काच. आणि सगळीकडेच ते पापडासारखे आत गेले, तर चिरंजीवांचे म्हणणे ऐकावे; कारण ज्या गाडीची जमीन गेली तिच्यात माणसे बसविणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. पंधरा वर्षांवरील गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी द्यावीच लागते, आणि तेथेही असा पत्रा टिकणार नाही.

मात्र ही परीक्षा या महिन्यातच व्हावी. मायलेकांनी मिळून एका सकाळी गालिचे उचलावेत, पत्रा पाहावा आणि मग जे ठरवावयाचे ते ठरवावे. वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्यात काय बिघडले आहे हे पाहिलेले असले, म्हणजे पुढे ठेवली तरी आणि दिली तरी मनाला रुखरुख लागत नाही. मृग लागण्यास अद्याप अवकाश आहे.