भाषेच्या जत्रेला एकटाच गेलो



गेल्या खेपेस आपण हुमणीविषयी बोललो. आज किडी-रोगांना सुट्टी. आज एका प्रवासाची हकिकत सांगणार आहे. शेती सोडून बोलायचे असे ठरवून बसलो होतो, पण वाटेत तूर आडवी आलीच. ते पुढे येईल.

2024च्या ऑगस्टमध्ये मी आफ्रिकेतल्या टांझानिया देशात, आरुशा या शहरी जाऊन आलो. एकटाच. निमित्त होते एस्परांतो भाषेच्या जागतिक संमेलनाचे. आमच्या गावी पारावर ही बातमी गेली तेव्हा पहिला प्रश्न आला, "साहेब, बियाणं आणायला चाललात का?" भाषेसाठी चाललोय म्हटल्यावर हशा पिकला. घरी सौ. एवढेच म्हणाली, "या वयात? आणि एकटे?"

एस्परांतो म्हणजे काय ते आधी सांगतो. पोलंडमधल्या बियालिस्टोक गावी 1859 साली लुडविक झामेनहोफ जन्मला. त्या गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश अशा चार भाषांची माणसे राहत आणि एकमेकांकडे संशयाने बघत. हा मुलगा पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला. कोणाच्याच घरची नसलेली, म्हणून सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी, अशी भाषा त्याने रचली आणि 1887 साली वॉर्सा येथे तिचे पहिले पुस्तक छापले. 1905 साली फ्रान्समधल्या बुलोन येथे पहिले जागतिक संमेलन भरले. 20 देशांतून 688 माणसे आली होती. तेव्हापासून महायुद्धांचा काळ आणि असे मोजके अपवाद सोडता हे संमेलन दरवर्षी वेगवेगळ्या देशात भरते. आफ्रिका खंडात ते आरुशालाच पहिल्यांदा भरले. आपले विनोबाही उतारवयात या भाषेचे धडे घेत बसले होते.

सोपी म्हणजे किती सोपी? आपल्या गोठ्यातलेच उदाहरण घ्या. 'बोवो' म्हणजे बैल. 'बोवीनो' म्हणजे गाय, 'बोवीदो' म्हणजे वासरू आणि 'बोवेयो' म्हणजे गोठा. मूळ शब्द एक, शेपट्या वेगवेगळ्या. उलटा अर्थ हवा असेल तर शब्दाच्या पुढे 'माल' लावायचे. 'वार्मा' म्हणजे गरम, 'मालवार्मा' म्हणजे गार. एका शब्दावर दहा शब्द निघतात. मी दोन वर्षे रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मोबाईलवर ही भाषा शिकत होतो. मुलीने फोनवर धडे लावून दिले होते.

जाण्याआधीची धावपळ थोडक्यात सांगतो, कोणाच्या मुलाबाळांना उपयोगी पडेल. नोकरीतल्या माणसाला परदेशी जायचे तर रजा आणि ना हरकत दाखला दोन्ही लागतात. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी टोचून घ्यावी आणि तिचा पिवळा दाखला पासपोर्टाबरोबर ठेवावा. उतरण्याच्या जागेचा पत्ता मोबाईलमध्ये तर ठेवावाच, पण कागदावर लिहून वरच्या खिशातही ठेवावा. बॅटरी संपते, कागद संपत नाही. खर्च स्वतःचा. एका चांगल्या खिल्लार जोडीची किंमत गेली, हे लपवत नाही.

मुंबईहून इथिओपियातल्या आदिस अबाबाला आणि तिथून किलिमांजारोच्या विमानतळावर उतरलो. आरुशा उंचावर आहे, मेरू पर्वताच्या पायथ्याशी. हो, नाव मेरूच. ऑगस्ट हा तिकडचा थंडीचा महिना, त्यामुळे सौ.ने बळेच दिलेला स्वेटर पहिल्याच रात्री अंगात चढला. त्या रात्री खोलीत बसून मला खरोखर वाटले, आपण कशाला आलो? ओळखीचा एक माणूस नाही आणि शिकलेली भाषा आजवर तोंडाने कोणाशी बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक वयस्कर जपानी बाई शेजारी बसल्या. त्यांनी विचारले, घरी काय असते? मी धीर करून म्हटले, "मि एस्तास दु बोवोय." बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले आणि खळखळून हसल्या. 'माझ्याकडे दोन बैल आहेत' असे सांगायला गेलो आणि 'मी दोन बैल आहे' असे बोलून बसलो! आपल्या मराठीत 'माझ्याकडे आहे' म्हणतात, तोच 'आहे' मी तिकडे नेला. तिथे जवळ असण्याला 'हावास' हे वेगळे क्रियापद आहे. बाईंनी वाक्य दुरुस्त करून दिले आणि पुढचे आठ दिवस मला "दोन बैल" म्हणूनच हाक मारली. मात्र त्या हसण्याने माझी जीभ मोकळी झाली, ती झालीच.

या मंडळींत एक मजेदार शब्द आहे, 'क्रोकोडिली'. क्रोकोडिलो म्हणजे मगर. संमेलनात येऊन आपापल्या देशवाल्यांशी आपल्याच भाषेत गप्पा मारत बसणे म्हणजे 'मगरी करणे'. एकट्याने जाण्याचा फायदा मला इथे कळला. सोबत कोणी असते तर मीही मगरच झालो असतो. सोबत कोणी नव्हते म्हणून रोज नव्या टेबलावर बसावे लागले.

एका दुपारी आरुशाच्या बाजारात गेलो. तिथली भाषा स्वाहिली. टांझानियात शंभराहून अधिक बोलीभाषा आहेत, पण स्वाहिली सर्वांना येते. कानावर काय शब्द पडले बघा: पेसा, दुका, गारी, चाय, चपाती, हेसाबू, दावा. म्हणजे पैसा, दुकान, गाडी, चहा, चपाती, हिशेब आणि दवा. विम्याला ते 'बिमा' म्हणतात आणि मक्याला 'माहिंदी', म्हणजे हिंदचे धान्य. मका खरा अमेरिकेतला, पण नाव आपले लागले. अरबांची आणि कच्छ-गुजरातच्या व्यापाऱ्यांची गलबते शेकडो वर्षे त्या किनाऱ्यावर ये-जा करीत होती, त्यांच्या मालाबरोबर शब्दही फिरले. जेवणात मक्याच्या पिठाचा घट्ट 'उगाली' आणि 'म्चिचा' नावाची पालेभाजी आली. खाऊन पाहिली तर आपला माठ!

आणि एका दुकानासमोर पोते उघडे होते, त्यात तूर.

माझ्याबरोबर संमेलनातले एक शिक्षक होते, आरुशाच्या दक्षिणेकडील बाबाती भागातले. ते म्हणाले, ही 'म्बाझी', आम्ही मक्यात आंतरपीक म्हणून घेतो. मग त्यांनी विचारले, "2017 साली तुमच्या देशाने आमची म्बाझी घेणे एकाएकी का थांबवले?"

वाचकहो, आता मला मागे जावे लागेल. 2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती. 2016 हे साल संयुक्त राष्ट्रांनी कडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या जूनमध्ये मी गावोगाव सभा घेऊन सांगितले, तूर पेरा. तुम्ही पेरली. पाऊस झाला, पीक उदंड आले आणि बाजार कोसळला. हमीभाव 5050 रुपये, पण बाजारात तो मिळेना. खरेदी केंद्रापुढे रांगा लागल्या, बारदान संपले. त्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून पेरली." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

मग ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. मी तेव्हा म्हणालो होतो, बरे झाले, आता तरी आपल्या माणसाला भाव मिळेल. ती आयात कोणाच्या शेतातून येते, हा विचार मनात आला नाही. नेमकी त्याच दिवसांत बाबातीकडे तूर काढणीला आली होती. शिक्षकांच्या वडिलांनी पोती घरात ठेवली. घेणारा आला तो मातीमोल भावाने मागायला.

मी माझ्या मोडक्या भाषेत त्यांना आमच्या रांगांची हकिकत सांगितली. त्यांना वाटत होते भारतात तूर फक्त खातात, पिकवणारा शेतकरी असा डोळ्यांपुढे आलाच नव्हता. मलाही त्यांचा आला नव्हता. थोडा वेळ दोघेही पोत्याकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी माझ्या वहीत 'म्बाझी' लिहिले, मी त्यांच्या वहीत 'तूर' लिहिले. ती मर्यादा 2021च्या मे महिन्यात उठली, हेही त्यांना माझ्याआधी ठाऊक होते.

परत आल्यापासून मी एक पथ्य पाळतो. सभेत तूर पेरा किंवा पेरू नका असे नुसते सांगत नाही. त्या वर्षीचे आयातीचे धोरण काय, बाहेरच्या देशांत पीक कसे आहे, तेही वाचून सांगतो. तुम्हीही पेरणीआधी एवढे विचारीत जा. आम्हा अधिकाऱ्यांना अवघड प्रश्न विचारायला कचरू नका.

आणि घरात कोणी मुलगा-मुलगी परकी भाषा शिकत असेल, तर चुकल्यावर हसा, पण बोलू द्या. मी दोन बैल होतो, म्हणूनच बाजारात तुरीची गोष्ट ऐकू शकलो.

पुढच्या अंकात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू.